तीन दिवसांचा शेक

पुण्याच्या दवाखान्यात माझ्या आईला जे देत होते त्याला तिथं सगळेच शेक म्हणत. डॉक्टर म्हणत, आया म्हणत, कागद घेणारा कारकूनही म्हणे, "शेकाचे पेशंट इकडं बसा." त्या एका शब्दावर मी आजवर जेवढी चिडले तेवढी कुणा माणसावर चिडले नाही, आणि मी माणसांवर कमी चिडते असं माझ्या घरात कुणी म्हणणार नाही.

पानशेत फुटून दोन वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची होते. नवरा दौंडला लोको शेडमध्ये फिटर, राहायला रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मुलगी आठ महिन्यांची. आई शिरूरला मिशनच्या आवारात एका खोलीत एकटी राहायची. वडील मी शाळेत असतानाच गेले होते आणि मी एकुलती एक. आई बायबलबाई होती, म्हणजे खेड्यापाड्यांत फिरून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची आणि गीतं शिकवायची. लांबच्या केंदूरपर्यंतसुद्धा ती पायी जाऊन यायची. तिच्याकडं दोन मराठी होत्या. एक पुस्तकातली, ती प्रार्थनेला आणि पाळकांशी बोलायला. दुसरी चुलीजवळची, ती बाकी सगळ्यांसाठी. लहानपणी मी एकदा खोटं बोलले तर तिनं मला दोन्ही मराठींतून झोडपलं होतं.

वर्षभर तिला रक्त पडत होतं. मूळव्याध असेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कुणाला? दवाखान्यात पुरुष डॉक्टर. शेवटी चालताना भोवळ येऊन पडली तेव्हा उलगडा झाला. गुदाशयाचा कॅन्सर. पुण्याला ऑपरेशन झालं. आतड्याचा तो भाग काढून टाकला, खालची वाट शिवून बंद केली आणि पोटावर डाव्या अंगाला शौचाची नवी वाट काढून दिली. आई तिला "पोटावरचं तोंड" म्हणायची. शुद्धीवर आल्यावर तिनं ते पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आता ह्ये बी बोलाया लागलं म्हंजी झालं." मी हसले नाही.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "गाठ काढली आहे. पण आजूबाजूला बारीक मुळं राहिली असतील तर ती जाळायला हवीत. त्यासाठी शेक द्यायचा. पंचवीस वेळा. शनिवार-रविवार सोडून रोज यायचं. मध्ये खंड पडता कामा नये."

"आन् पडला तर?" आईनं विचारलं.

"तर मुळं पुन्हा धरतील."

आई बाहेर आल्यावर म्हणाली, "हराळीवानी." तिच्या माहेरी शेती होती. हराळीचं बोटभर मूळ रानात राहिलं तरी महिन्यात सगळं रान व्यापतं हे तिला कुणी सांगायला नको होतं, आणि मलाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच शब्द फिरू लागला. खंड. गाडी चुकली तर खंड. तिला ताप आला तर खंड. माझी मुलगी आजारी पडली तरी खंड.

पुण्यात आमचं कुणी नव्हतं आणि शेकासाठी दवाखाना खाट देत नव्हता. म्हणून आईला शिरूरहून दौंडला माझ्याकडं आणलं आणि रोज पॅसेंजरनं न्यायचं ठरलं. सकाळी मुलीला शेजारणीकडं द्यायची, आईला घेऊन स्टेशन गाठायचं, बायकांच्या डब्यात खिडकीची जागा धरायची. बसायला मी जुन्या लुगड्याची चुंबळ केली होती, हंडा डोक्यावर घेताना करतात तशीच, पण चांगली मोठी. ती बाकावर ठेवून आई तिच्यावर अलगद टेकायची. आदल्या संध्याकाळपासून ती काही खात नसे. पोटावरच्या तोंडाला गाडीत वाचा फुटू नये म्हणून. तरी कधीकधी फुटायची. पाटस गेलं, केडगाव गेलं की मी मोजत राहायची, अजून यवत, अजून उरुळी, अजून लोणी. समोरच्या बाईनं नाकाला पदर लावला की मी खिडकी आणखी उघडायची. आई मात्र डोळे मिटून ओठांतल्या ओठांत गीत म्हणत बसायची.

ती घाबरत नाही असं मला वाटायचं. मी घाबरत होते. ती शेकाची खोली मला बघवत नसे. आत एक मोठं यंत्र, त्याला खाली वाकवलेलं तोंड. आईला पालथं झोपवायचे. तिच्या पाठीच्या खालच्या भागावर जांभळ्या शाईनं चौकोन आखला होता, तो सोडून बाकी अंगावर शिशाचे जड पत्रे ठेवायचे. मग तिथलं प्रत्येक माणूस बाहेर यायचं आणि दार लावायचं. ते दार साधं नव्हतं. एक माणूस दोन्ही हातांनी ढकलायचा तेव्हा ते हलायचं. मी एकदा त्याला विचारलं, सगळे बाहेर का येता? तो म्हणाला, "आत थांबलं तर आपल्याला त्रास होतो." आणि माझी आई आत होती.

पहिल्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "भाजलं का गं?"

"काय बी न्हाई. नुसतं घूं करतंय."

"पण ऊब?"

"ऊब बी न्हाई. ह्यो कसला शेक म्हनायचा?"

हा प्रश्न आम्ही रोज एकमेकींना विचारू लागलो. शेक आम्हाला माहीत होता. आठच महिन्यांपूर्वी शिरूरला माझं बाळंतपण तिनंच केलं होतं. चाळीस दिवस मी नवारीच्या बाजेवर आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा नि बाळंतशोपा. कंबर शेकून निघायची, घाम यायचा, शिवलेली जागा आवळून यायची. तो शेक. आणि इथं दाराआड पाच-सात मिनिटं घूं, की झाला. मला मनातून वाटायचं, हे लोक कमी तर देत नाहीत? गरिबाच्या पेशंटला लवकर उरकत तर नाहीत? असलं विचारायची माझी छाती नव्हती. डॉक्टर समोर आले की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. घरी नवऱ्यासमोर मात्र मी दवाखान्याचा पार उद्धार करायची.

दवाखान्यानं सांगितलेलं सगळं मी डोळ्यांत तेल घालून पाळत होते. चौकोनाला पाणी लावायचं नाही. साबण नाही, तेल नाही, पावडर नाही. घट्ट नेसायचं नाही. शेगडी ठेवू नका, असं मात्र कुणी सांगितलं नाही. कसं सांगतील? त्यांच्या डोक्यात शेगडी येणंच शक्य नव्हतं, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येणं शक्य नव्हतं.

पंधरा शेक झाले. चौकोनाची कातडी तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी काळपट झाली. सोळाव्या दिवशी, गुरुवारी, आम्ही पोचलो तर ते दार उघडंच होतं आणि आत कुणी नव्हतं. झाडणाऱ्या बाईनं सांगितलं, "मशीनची नळी जळाली. मुंबईहून नवी यायचीय. सोमवारी या."

गुरुवार गेला, शुक्रवार जाणार, मग शनिवार-रविवार. मी बोटांवर मोजलं. सलग चार दिवस. त्या वेळी मी डॉक्टरांना शोधून विचारायला हवं होतं. ते दुसऱ्या इमारतीत होते, आवार ओलांडलं की झालं. मी गेले नाही. इंग्रजी पाट्या, पांढरे कोट, आणि माझी आई चुंबळ काखेत धरून उभी. मी तिला घेऊन स्टेशनवर परत आले. येताना गाडीत ती एकदाच बोलली. "खंड पडला की गं."

तिचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

शुक्रवारी सकाळी मी ठरवून टाकलं. शेडमधून आणलेला अर्धवट जळका कोळसा आमच्याकडं पोत्यानं असायचा. तो फुलवून शेगडी भरली, मोरीजवळच्या खोलीत बाज टाकली आणि आईला म्हणाले, "नीज. मशीन बंद पडलं म्हणून मी बंद पडले नाही."

तिनं एका शब्दानं अडवलं नाही. उताणी निजली. मी शेगडी बरोबर त्या जागेखाली सरकवली आणि वर ओवा टाकला. खोलीभर वास सुटला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हां. ह्यो शेक." तिथंच तिला झोप लागली, भरदिवसा, तोंड थोडं उघडं टाकून. ऑपरेशननंतर मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! नवरा जेवायला आला तेव्हा मी त्याला ऐकवलं की ही पुण्याची मंडळी शिकली खूप, पण माझ्या आईला झोप माझ्या शेगडीनं लागली.

शनिवारी दोनदा दिला. "जरा चुरचुरतंय," ती म्हणाली, "पर बरं वाटतंय." रविवारी उपासनेहून आल्यावर पुन्हा दिला, आणि चार दिवसांची कसर भरून निघावी म्हणून निखारे वाढवले. संध्याकाळी तिचं लुगडं बदलताना पाहिलं. चौकोनाच्या आत पाण्यानं टरारलेले फोड आले होते, आणि एका ठिकाणी कातडी लुगड्याबरोबरच निघून आली.

सोमवारी मशीन सुरू झालं होतं. मशीन चालवणाऱ्यानं आईची पाठ पाहिली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हे शेकानं झालेलं नाही. काय केलंत?"

खरं माझ्या जिभेवर होतं, आणि जे तोंडातून बाहेर आलं ते असं, "बंबातलं कढत पाणी सांडलं. न्हाणीत."

"पाणी? आणि नेमकं एवढ्याच जागेवर?"

त्यांनी आईकडं वळून विचारलं, "आजी, पाणीच होतं ना?"

आई पालथी होती, तिचं तोंड माझ्या बाजूला होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ज्या बाईनं मला एका खोट्यासाठी दोन भाषांत झोडपलं होतं ती म्हणाली, "व्हय. पानीच."

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं. मग म्हणाले, "आता शेक बंद. जखम भरेपर्यंत या जागेला हात लावता येणार नाही. पंधरा दिवस, तीन आठवडे, सांगता येत नाही."

चार दिवसांचा खंड बुजवायला गेले आणि तीन आठवड्यांचा पाडून आले.

ते तीन आठवडे मी कसे काढले हे सांगायला गेले तर सगळं एकाच वाक्यात येतं. मला भीती वाटत होती. भाकरी थापताना, मुलीला पाजताना, शंटिंगच्या डब्यांचा धाडकन आवाज आला की, सतत. मला वाटायचं मी इथं कणीक मळतेय आणि आत, तिच्या अंगात, ते मूळ धरतंय. रोज सकाळी मी तिची जखम धुवायची, मलम लावायची आणि ती किती भरली ते बघायची. ती आज बोटभर कमी दिसली तर मी दिवसभर नवऱ्याशी नीट बोलायची, आणि तशीच दिसली तर त्याची खैर नसे. आई मला एकदा तरी रागावली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

मधे महिन्याचा पहिला रविवार आला. आमच्या दौंडच्या देवळात त्या दिवशी प्रभुभोजन असे. पाळकांनी बोलावलं की माणसं जागेवरून उठून पुढं जायची, गुडघे टेकायची आणि भाकर नि प्याला घ्यायची. माझ्या आठवणीत आईनं प्रभुभोजन कधी चुकवलं नव्हतं. आजारपणात तर ती हट्टानं जायची. त्या रविवारी आमची ओळ उठली आणि आई चुंबळीवर बसून राहिली. शेजारच्या बाईनं तिला आधार द्यायला हात पुढं केला, तिनं मानेनं नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, बिचारीला उठवत नसेल. मला एकटीला कळलं. खोटं बोलल्यावर तिथं हात पुढं करायचा नाही, असं तिनंच मला शिकवलं होतं. मी पुढं न जाता तिच्या शेजारी बसले आणि दोघी समोर बघत राहिलो.

तीन आठवड्यांनी जखम भरली आणि शेक पुन्हा सुरू झाला. दहा राहिले होते. पहिल्याच दिवशी आई आत गेल्यावर मी आवार ओलांडून डॉक्टरांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेगडी, ओवा, तीन दिवस, निखारे.

त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पण शेगडी का ठेवलीत?"

"तुम्हीच म्हणालात ना शेक. खंड पाडू नका म्हणालात."

ते हळूच म्हणाले, "मग आम्ही याला काय म्हणायचं?" ते थट्टा करत नव्हते. खरंच विचारत होते, आणि माझ्याकडंही दुसरा शब्द नव्हता. मी विचारलं, "मुळं धरली असतील का?" त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "धरली असतील, नसतील. मला सांगता येत नाही, बाई. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

आई बाहेर आल्यावर मी तिला बाकड्यावर बसवलं आणि डॉक्टरांना खरं सांगून आल्याचं सांगितलं. मला वाटलं तिला हायसं वाटेल. ती ताडकन उठायला गेली आणि कळ आली म्हणून अर्ध्यातच थांबली.

"तुझं तू सांगितलंस. माझं मला सांगाया पायजे."

चुंबळ काखेत मारून ती निघाली. मी मागं. डॉक्टरांच्या दारात उभी राहून तिनं आपली पुस्तकातली मराठी काढली. "महाराज, मी आपल्याशी असत्य बोलले. मला क्षमा करावी." डॉक्टर गडबडून उभे राहिले आणि म्हणाले, "अहो आजी, बसा, बसा." आईनं सांगितलं की मला बसता येत नाही, आणि पुढच्या महिन्यात ती प्रभुभोजनाला सगळ्यांच्या आधी उठली.

दहाही शेक पुरे झाले आणि आई शिरूरला परत गेली. त्यानंतर दीड वर्षानं तिची कंबर दुखायला लागली. ते कशाचं दुखणं, हे मला पहिल्या दिवशी कळलं. तपासणीनंतर डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं तेव्हा ते काय सांगणार ते मी त्यांच्या आधी बोलून दाखवू शकले असते. मूळ धरलं होतं.

शेवटचे दोन महिने मी मुलीला घेऊन शिरूरला तिच्याजवळ राहिले. दीड वर्ष मी एक प्रश्न टाळत आले होते. विचारावा तर ती खरं सांगेल, आणि तीच माझी भीती होती. एका दुपारी मुलगी झोपली होती, आईच्या कळा जरा थांबल्या होत्या. मी विचारलं.

"आई, माझ्यामुळं झालं का गं हे?"

मी वाट बघत होते की ती न्हाई म्हणेल. माझा सगळा जीव त्या एका शब्दासाठी टांगला होता. ती म्हणाली नाही.

"ठावं न्हाई, पोरी," ती म्हणाली. मग दम खाऊन म्हणाली, "त्या खोलीत मी रोज भ्याले. दार लागलं की रोज वाटायचं, आता ह्ये उघडायचंच न्हाई. गीत म्हनायची ती त्यापायी. घरी आले तरी भ्या जात नव्हतं. तू शेगडी ठिवलीस ना, ते तीनच दिस मला भ्या वाटलं न्हाई."

एवढं बोलून ती भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळली. मी तिच्या कमरेवर हात ठेवला, जिथं दुखत होतं तिथं, आणि तशीच बसून राहिले. मुलगी उठून रडायला लागली तरी तो हात काढायची मला भीती वाटत होती.